कपातला बदाम, काट्यावरचा बदाम

एक कप सोललेले, भाजलेले शेंगदाणे काठोकाठ भरून घ्या. मिक्सरच्या भांड्यात घाला आणि फिरवत राहा. आधी भरड होते, मग कूट होतं. मग कूट भांड्याच्या कडांना चिकटायला लागतं, त्याचा गोळा जमतो आणि आणखी काही मिनिटांनी तेल सुटून तोच गोळा सैल, ओघळणारं लोणी होतो. आता हे लोणी चमच्याने नीट निपटून पुन्हा त्याच कपात भरा. कप अर्ध्याच्या थोडाच वर जातो. आपण एकही दाणा टाकलेला नाही. मग बाकीची जागा कशाने भरली होती? हवेने.

आकड्यांत सांगायचं तर अमेरिकी मापाच्या एका कपात साधारण १४६ ग्रॅम शेंगदाणे मावतात, आणि त्याच कपात शेंगदाण्याचं लोणी २५८ ग्रॅम मावतं. म्हणजे दाण्यांनी 'भरलेल्या' कपात सुमारे ५७ टक्के दाणे असतात आणि ४३ टक्के हवा. नट्सचं माप कपातून ग्रॅममध्ये नेताना जो घोळ होतो, तो बराचसा या हवेमुळे होतो. पाणी, दूध, तेल भांड्याचा कोपरान् कोपरा भरतात, त्यामुळे त्यांचं रूपांतर एकदा पाठ केलं की काम झालं. नट्सच्या कपात हवा किती राहील, हे मात्र दाण्याच्या आकारावर, तो कसा चिरलाय यावर आणि कप भरणाऱ्या हातावर अवलंबून असतं. म्हणून 'एक कप बदाम म्हणजे किती ग्रॅम?' या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. आधी उलट विचारावं लागतं : कसले बदाम? अख्खे, चिरलेले की दळलेले?

बदामाचंच बघू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटकांच्या तक्त्यांत एक कप अख्ख्या बदामांचं वजन १४३ ग्रॅम दिलेलं आहे. काडीसारखे उभे, जाडसर काप केले तर कपात १०८ ग्रॅम मावतात. कागदासारख्या पातळ चकत्या केल्या तर फक्त ९२ ग्रॅम. आणि पूड केली तर ९५ ग्रॅम. बारीक केलं की कपात जास्त मावणार असं आपल्याला सहज वाटतं, पण इथे चित्र बरोबर उलट आहे. चकत्या कपात पडताना एकमेकींवर तिरक्या टेकतात, पत्त्यांच्या बंगल्यासारख्या, आणि प्रत्येक दोन चकत्यांमध्ये फट राहते. पुडीचं कारण वेगळं. बदामाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतो. दळल्यावर ते तेल कणाकणाच्या अंगावर येतं, कण एकमेकांना धरून बसतात, वाळूसारखे घरंगळून फटीत शिरत नाहीत. पूड फुगीर दिसते ती त्यामुळे.

मग 'चिरलं की कपातलं वजन घटतं' असा नियम करावा का? तसंही नाही, कारण अक्रोड तो नियम मोडतो. अक्रोडाचे अर्धे मगज कपात १०० ग्रॅम मावतात, आणि चिरलेले तुकडे ११७ ग्रॅम. पेकन या अक्रोडासारख्याच दिसणाऱ्या अमेरिकी नटचंही तसंच : अर्धे ९९, चिरलेले १०९. उलट हेझलनट अख्खे १३५ ग्रॅम मावतात आणि चिरले की ११५ वर येतात. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण हातात दाणा धरून बघितलं की आकडे आपोआप पटतात. अक्रोडाचा अर्धा मगज बोटांत धरा. सुरकुतलेला, वाकडातिकडा, आतून पोकळ. दोन मगज एकमेकांत कधीच नीट बसत नाहीत. चिरल्यावर तो वाकडेपणा मोडतो, पोकळ्या उघड्या पडतात आणि लहान तुकडे त्यांत जाऊन बसतात. हेझलनट मुळातच गोल आणि गुळगुळीत, एकमेकांवरून घसरत आपापली जागा शोधणारा. त्याला चिरून आपण धारदार कोपरे तयार करतो, आणि ते कोपरे एकमेकांना अडतात. म्हणजे मूळ दाणा जितका वेडावाकडा, तितकं चिरल्यावर कपातलं वजन वाढण्याची शक्यता जास्त. मूळ दाणा जितका गोल आणि गुळगुळीत, तितकी घटण्याची. पूड मात्र जवळपास सगळ्यांचीच हलकी भरते : अक्रोडाची ८० ग्रॅम, हेझलनटची ७५.

भांड्यात गोळे किती मावतात, हा प्रश्न गणितज्ञांनी चारशे वर्षं उरापोटाशी धरलेला आहे. एकाच आकाराचे गोळे जास्तीत जास्त दाट रचले तर सुमारे ७४ टक्के जागा भरते, असं जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानस केप्लर यांनी १६११ साली म्हटलं होतं. त्याची सिद्धता अमेरिकी गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९८ साली मांडली. ही झाली हाताने एकेक गोळा रचल्याची गोष्ट. नुसते ओतून, हलवून बसवले तर गोळे ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात, आणि यात गोळा मोठा की लहान याने फरक पडत नाही, भांडं पुरेसं मोठं असलं म्हणजे झालं. २००४ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एम अँड एम या चॉकलेटच्या चपट्या गोळ्या भांड्यात भरून पाहिल्या, तर त्या गोल गोळ्यांपेक्षा दाट बसल्या, ६८ टक्क्यांपर्यंत. लांबट, चपटा आकार थोडा फिरून शेजाऱ्याला जागा देऊ शकतो. बदामही लांबट आणि चपटाच, पण त्याला टोक असतं, साल खरखरीत असते आणि कप भरताना आपण काही मिनिटभर हलवत बसत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात आपण ५७ टक्क्यांच्या आसपास राहतो.

आता यातून स्वयंपाकात कुठे फटका बसतो ते सांगते, कारण तो मला बसलेला आहे. बदामाची पूड घालून करायचा, मैदा नसलेला केक होता. पाककृतीत होतं, 'दीड कप बदामाची पूड'. घरात पूड नव्हती, बदाम होते. मी दीड कप अख्खे बदाम मोजले, दळले आणि घातले. केक वरून छान दिसत होता. कापायला गेले तर सुरीला तेलकट चिकटा, मधला भाग दडस आणि ओलसर, कागदावर तेलाचा डाग. चूक शोधायला वेळ लागला, कारण प्रमाण तर मी 'बरोबर' घेतलं होतं. हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. दीड कप पूड म्हणजे १४३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकच कप अख्खे बदाम. मी दीड कप अख्खे घेतले, म्हणजे २१५ ग्रॅम. सत्तर ग्रॅम बदाम जास्त गेले, आणि त्यांतून पस्तीसएक ग्रॅम तेल. चाळीस ग्रॅमहून जास्त लोणी वरून ओतावं तसंच हे झालं. अंडी, साखर सगळं तेवढंच राहिलं होतं, ते एवढं तेल सावरणार कसं?

म्हणून पाककृती वाचताना शब्दांचा क्रम बघा. 'एक कप बदाम, पूड करून' म्हणजे आधी अख्खे मोजा, मग दळा. 'एक कप बदामाची पूड' म्हणजे आधी दळा, मग मोजा. बदामात या दोन वाक्यांत अठ्ठेचाळीस ग्रॅमचा फरक आहे. 'एक कप चिरलेले अक्रोड' आणि 'एक कप अक्रोड, चिरून' यांत सतरा ग्रॅमचा, तोही उलट्या दिशेने. पाककृती लिहिणाऱ्यांनी हा क्रम विचार करून लिहायला हवा. सगळेच लिहितात असं नाही. शंका आली तर पदार्थाकडे बघून ठरवा. पूड जिथे पिठाचं काम करते तिथे बहुतेक वेळा पुडीचंच माप अपेक्षित असतं.

आता कपाकडे येऊ, कारण कपही एक नाही. अमेरिकी कप २३६.६ मिलिलिटरचा, तिथल्या पोषणमूल्यांच्या लेबलांपुरता तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियात आणि मेट्रिक माप वापरणाऱ्या इतर ठिकाणी २५० चा कप. जपानमध्ये २०० चा. जुन्या ब्रिटिश मापाचा कप २८४ चा. अख्खे बदाम घेतले तर जपानी कपात १२१ ग्रॅम, अमेरिकी कपात १४३, मेट्रिक कपात १५१ आणि जुन्या ब्रिटिश कपात १७२. मोठ्या चमच्याचंही तेच : बहुतेक ठिकाणी तो १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. रूपांतर सोपं आहे. अमेरिकी कपाचा आकडा माहीत असेल तर त्याला २३६.६ ने भागा आणि आपल्या कपाच्या मिलिलिटरने गुणा. दर वेळी कॅल्क्युलेटर काढायचा नसेल तर २५० च्या कपासाठी अमेरिकी आकड्यात साडेपाच टक्के मिळवले तरी चालतं.

याहून मोठी चूक औंसाची. औंस नावाची दोन मापं आहेत. एक द्रवाचं, म्हणजे आकारमानाचं, आणि एक वजनाचं. अमेरिकी कपात आठ द्रव औंस बसतात, हे बरोबर. पण त्यावरून 'कप म्हणजे आठ औंस, औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, म्हणून कपभर बदाम म्हणजे २२७ ग्रॅम' असं धरलं की चौऱ्याऐंशी ग्रॅम बदाम जास्त जातात. अख्ख्या बदामांचा कप वजनाने पाच औंस भरतो. अक्रोडाच्या अर्ध्या मगजांचा साडेतीन. याच चुकीचं मेट्रिक भावंड म्हणजे २५० मिलिलिटरच्या कपाला २५० ग्रॅम समजणं. मिलिलिटर बरोबर ग्रॅम हे फक्त पाण्याला लागू पडतं, दुधासारख्या पातळ गोष्टींना जवळपास लागू पडतं, आणि नट्सना अजिबात नाही.

बाकीचे आकडे एका दमात सांगून टाकते, सगळे अमेरिकी कपाचे. भाजलेले काजू, अख्खे आणि पाकळ्या मिळून, १३७ ग्रॅम. सोललेले पिस्ते १२३. मॅकाडेमिया १३४. ब्राझील नट १३३. चिलगोजे १३५. लक्षात ठेवायला एवढं पुरे : अख्खे दाणे बहुतेक १२० ते १४५ च्या मध्ये, चिरलेले ११० ते १२० च्या आसपास, पातळ चकत्या आणि पूड ७५ ते ९५. अक्रोड आणि पेकनचे अर्धे मगज शंभर. काही तक्त्यांत चिरलेल्या अक्रोडाला ११३ दिसेल, काहींत ११७, काहींत १२०. ११३ म्हणजे बरोबर चार औंस. ८५, ११३, १४२ असे आकडे दिसले की समजावं, मूळ मोजणारा औंसात विचार करत होता आणि त्याने जवळच्या पूर्ण औंसाला गाठ मारलेली आहे. ग्रॅममधला तो शेवटचा आकडा दिसतो तितका नेमका नसतो, त्याच्याशी भांडू नका.

कप कोण आणि कसा भरतं यानेही पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं. मापाचा कप सपाट भरायचा, शीग लावून नाही. कप काठाशी सपाट करून मोजायची ही शिस्त अमेरिकेत पाककलेच्या शिक्षिका आणि लेखिका फॅनी फार्मर यांनी १८९६ पासून घराघरांत रुजवली. पिठाला सुरी फिरवून पातळी करता येते. अक्रोडाच्या मगजांवर सुरी कशी फिरवणार? ते काठाच्या वर डोकं काढूनच बसतात. तिथे डोळ्यांनी ठरवायचं : जेवढं काठाच्या वर आलंय, तेवढीच फट काठाच्या खाली दिसली पाहिजे. कप ओट्यावर आपटला तर चिरलेले तुकडे खाली बसतात आणि आणखी मावतात. पूड दाबली तर बरीच जास्त मावते. तक्त्यातले आकडे न दाबता, न आपटता भरलेल्या कपाचे असतात असं धरून चाला.

बरणीतून घेताना आणखी एक गंमत होते. मिश्र आकाराचे दाणे बरणीत हलले की मोठे वर येतात आणि चुरा तळाशी जातो. मोठा दाणा हलताना खाली फट पडते, त्या फटीत लहान कण घुसतात, आणि मोठ्याला परत खाली जायला जागाच उरत नाही. मिश्र नट्सच्या डब्यात ब्राझील नट नेहमी वर दिसतात, म्हणून भौतिकशास्त्रात याला ब्राझील नटचंच नाव आहे. १९८७ साली यावर एक गाजलेला शोधनिबंधही आला. आपल्या कामाचा भाग एवढाच की काजूच्या बरणीचा वरचा कप आणि तळाचा कप यांचं वजन एक येत नाही. तळाच्या कपात पाकळ्या, कणी आणि चुरा, तो जड भरतो. मोजण्याआधी बरणी आडवी करून एकदा हलक्या हाताने कालवून घ्या.

लहान मापांत अख्खे दाणे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाव कपाच्या भांड्यात बदाम भरले तर भिंतीलगतच्या फटी प्रमाणाने फार मोठ्या होतात, आणि चार पाव कप मिळून एका कपाइतके भरत नाहीत. 'दोन मोठे चमचे बदाम' असं कुणी लिहिलं असेल तर ते चिरलेल्या बदामांबद्दलच असणार. चिरलेले असतील तर चमच्याला सात ग्रॅम धरा, पूड असेल तर सहा.

भाजणं, भिजवणं, कवच या तीन गोष्टी वजनाच्या बाजूच्या. कच्च्या बदामात चार-पाच टक्के पाणी असतं, शेंगदाण्यात सहा-साडेसहा. भाजल्यावर त्यातलं बरंचसं उडतं, म्हणजे शंभर ग्रॅमचे पंचाण्णव-सत्त्याण्णव होतात. घरच्या कामात याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. भिजवण्याकडे मात्र करू नका. भिजलेला बदाम पाणी पिऊन टम्म होतो, वजनही वाढतं आणि आकारही, त्यामुळे वजन नेहमी कोरड्या दाण्याचं घ्यावं. कवचासकट घेत असाल तर पिस्त्यात खायचा भाग साधारण निम्मा निघतो, अक्रोडात निम्मा किंवा त्याहून कमी, आणि शेंगांत सत्तर टक्क्यांच्या आसपास. 'एक कप अक्रोड' म्हणजे कवचासकट, असं कुठलीही पाककृती म्हणत नाही.

आणि आता सगळ्यांत खात्रीचं काम : स्वतःचा तक्ता. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा त्याला पुरतो. आधी आपला कप किती मिलिलिटरचा आहे ते बघा. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्य करा, मग काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलिटर. कप नीट कोरडा करा, पुन्हा शून्य करा, बदाम भरा, आकडा लिहा. ओता, पुन्हा भरा, पुन्हा लिहा. असं तीनदा करून सरासरी काढा. तीन आकडे एकसारखे आले नाहीत म्हणून गोंधळू नका. त्यांच्यातला फरकच सांगतो की कपाच्या मापावर किती विसंबायचं. काट्याची एक खोड माहीत असू द्या : बरेच काटे शून्याजवळ असताना फार हळूहळू पडणारं वजन मोजतच नाहीत, ते पुन्हा पुन्हा स्वतःला शून्यावर आणतात. चिमटीने पिस्त्याचे काप सोडत बसलात तर पहिले दोन-तीन ग्रॅम हरवतील. आधी मूठभर टाका, मग शेवटी चिमटीने नेमकं करा.

दर वेळी काटा काढायची गरज आहे का? वरून भुरभुरायचे काप असतील तर नाही, तिथे हाताचा अंदाज उत्तम. कणकेत किंवा पिठात चार अक्रोड जास्त गेले तरी काही बिघडत नाही. पूड जिथे पिठाच्या जागी आहे, जिथे सारणात नट्स आणि साखर यांचं प्रमाण बांधणी ठरवतं, किंवा दाण्यांचं लोणी करायचं आहे, तिथे मात्र ग्रॅमच हवेत.

काटाच नसेल तर मोजणीचा मार्ग आहे, आणि लहान प्रमाणात तो कपापेक्षा कितीतरी खरा ठरतो, कारण मोजलेल्या दाण्यांत हवा नसते. एका औंसात, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅममध्ये, साधारण २३ बदाम येतात, १८ काजू, ४९ पिस्ते, २१ हेझलनट, अक्रोडाचे १४ अर्धे मगज, पेकनचे १९, आणि ब्राझील नट फक्त सहा. बदाम सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर, काजू दीड ग्रॅमहून थोडा जास्त, अक्रोडाचा अर्धा मगज दोन ग्रॅम. पन्नास ग्रॅम बदाम हवे असतील तर एक्केचाळीस मोजा. मोठे टपोरे असतील तर अडतीस-एकोणचाळीसवर थांबा. अक्रोडाचे पन्नास ग्रॅम म्हणजे पंचवीस अर्धे मगज, आणि त्यांतले काही फुटलेले असले तर दोन तुकडे जोडून एक धरायचा.